ऑब्जेक्टच्या पोटात डोकावताना

मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका नव्या भाषेचा पहिला नमुना उभा केला, ही हकिकत आता सर्वांच्या तोंडी आहे. जावास्क्रिप्टमध्ये काही वेडंवाकडं सापडलं की त्याचं खापर त्या दहा दिवसांवर फोडून मोकळं होण्याची सवयच पडली आहे. पण १९९६ च्या सुरुवातीला नेटस्केप नॅव्हिगेटर २.० बरोबर ही भाषा लोकांच्या हाती आली, तेव्हा तिच्यात एक अशी सोय होती जी त्या काळच्या बड्या भाषांकडेही नव्हती. कुठलाही ऑब्जेक्ट घ्यायचा, त्यावर फॉर-इन हा लूप चालवायचा, की त्या ऑब्जेक्टमधल्या प्रॉपर्टींची नावं एकेक करून हातात येत. सी प्लस प्लसमध्ये प्रोग्राम चालू असताना एखाद्या ऑब्जेक्टला 'तुझ्यात काय काय आहे?' असं विचारायची सोयच नव्हती. जावामध्ये ती १९९७ साली १.१ या आवृत्तीत आली आणि तिथेही त्यासाठी बराच खटाटोप करावा लागे. इथे दोन-तीन ओळींत काम भागत होतं. नेटस्केपच्या मार्गदर्शिकेत 'शो प्रॉप्स' नावाचं एक छोटं फंक्शन नमुन्यादाखल दिलेलं होतं. त्याला गाडीचा ऑब्जेक्ट दिला की कंपनी, मॉडेल, वर्ष अशी प्रत्येक प्रॉपर्टी आणि तिची किंमत ओळीओळीने लिहून मिळे. पहिल्यांदाच प्रोग्राम लिहायला बसलेल्या माणसालाही ऑब्जेक्टच्या पोटात डोकावता यावं, असा तो उदार हेतू होता.

या उदार सोयीतच पुढच्या पंचवीस वर्षांच्या भांडणांचं मूळ आहे, असं माझं म्हणणं आहे. ऑब्जेक्टमध्ये डोकावण्याची गरज दोघांना पडते. एक प्रोग्रामरला, कारण त्याला आपल्यासमोर काय आहे ते समजून घ्यायचं असतं. दुसरी खुद्द प्रोग्रामला, कारण त्याला एका ऑब्जेक्टमधून दुसऱ्यात काही उतरवायचं असतं, यादी छापायची असते, डेटा पाठवायचा असतो. माणसाला जेवढं जास्त दिसेल तेवढं चांगलं. प्रोग्रामला मात्र नेमकं ठरावीक तेवढंच दिसायला हवं. एक नाव जास्त आलं तरी हिशेब चुकतो. फॉर-इनने ही दोन्ही कामं एकाच दारातून करायला लावली. जावास्क्रिप्टमधल्या तपासणीचा इतिहास म्हणजे ही दोन दारं हळूहळू, बऱ्याच पडझडीनंतर वेगळी झाल्याचा इतिहास आहे.

हा फरक कुणाला माहीतच नव्हता असं मात्र नाही. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत ॲलन के, डॅन इंगल्स, अॅडेल गोल्डबर्ग यांच्या गटाने स्मॉलटॉक घडवली, तेव्हा तिच्यासोबत इन्स्पेक्टर नावाची खिडकी होती. डावीकडे ऑब्जेक्टच्या आतल्या नावांची यादी, उजवीकडे निवडलेल्या नावाची किंमत. ती खिडकी माणसासाठी होती. पुढे १९८६-८७ च्या सुमारास डेव्हिड अंगार आणि रँडल स्मिथ यांनी सेल्फ ही भाषा मांडली. क्लास ही कल्पनाच बाजूला ठेवून एका ऑब्जेक्टने थेट दुसऱ्याकडून वारसा घ्यावा, हा प्रोटोटाइपचा विचार आइक यांनी सेल्फकडूनच उचलला. पण सेल्फमध्ये ऑब्जेक्टची तपासणी करायची तर त्याचा 'मिरर' मागावा लागे. हा आरसा म्हणजे ऑब्जेक्टपासून वेगळी अशी दुसरीच वस्तू होती. जे काही विचारायचं ते त्या आरशाला. नेटस्केपने वारशाची कल्पना घेतली, आरसा आणि खिडकी मात्र मागे राहिली. ब्राउझरमध्ये तेव्हा खिडकीला जागाही नव्हती. राहिला तो लूप.

त्या खिडकीवाचून प्रोग्रामरचे दिवस कसे गेले हे आज कन्सोल उघडून बसणाऱ्यांना सांगूनही पटणार नाही. नव्वदच्या दशकात पान बिघडलं की हाताशी असे तो अलर्ट. ऑब्जेक्ट थेट अलर्टला दिला तर चौकटी कंसात 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' एवढंच उमटे, कारण ऑब्जेक्टचं अक्षरांत रूपांतर करण्याचा भाषेचा ठरलेला नियमच तो होता. म्हणून फॉर-इन लावायचा. लूपच्या आत अलर्ट टाकला तर प्रत्येक प्रॉपर्टीमागे एक डबी उघडे आणि प्रत्येक डबीवर ओके दाबावं लागे. पानावरच्या एखाद्या साध्या बटणाच्या ऑब्जेक्टलाही डझनावारी प्रॉपर्टी असत. सगळं एकाच वाक्यात जोडून अलर्टला दिलं, तर डबी पडद्यापेक्षा उंच होऊन ओकेचं बटण खाली दिसेनासं होई. तरीही लोक हेच करत, कारण कुठल्या ब्राउझरमध्ये कुठली प्रॉपर्टी आहे हे कळण्याचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग होता. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या स्पर्धेत कागदपत्रं मागे पडत होती आणि ब्राउझर पुढे पळत होते. ऑब्जेक्टलाच विचारलं तर तो खरं सांगत असे.

निदान सांगेल अशी अपेक्षा होती. जून १९९७ मध्ये जावास्क्रिप्टच्या एक्मा-२६२ या प्रमाणाची पहिली आवृत्ती निघाली आणि तिने प्रत्येक प्रॉपर्टीला काही गुण चिकटवले: ही बदलता येणार नाही, ही काढता येणार नाही, आणि ही मोजणीत दिसणार नाही. भाषेच्या अंगभूत मेथड या तिसऱ्या वर्गात टाकल्या गेल्या. प्रोग्रामच्या दृष्टीने ते अगदी योग्य होतं. यादीवर लूप चालवला आणि त्यात यादी उलटी करण्याची मेथडही एखादी नोंद म्हणून आली, तर कुणाला चाललं असतं? पण माणसाच्या बाजूने बघा. गणिताच्या मॅथ या ऑब्जेक्टमध्ये साइन आहे, वर्गमूळ आहे, पाय आहे. प्रमाणाप्रमाणे त्यावर फॉर-इन चालवला तर हाती काहीच लागत नाही, एक नावही नाही. भाषा शिकणाऱ्या मुलीने भाषेलाच विचारावं की या पेटीत काय आहे आणि भाषेने पेटी रिकामी आहे म्हणावं, असा हा प्रकार. मॅथमधली नावं भाषेच्या आतून मिळवण्याचा प्रमाणित उपाय २००९ पर्यंत, म्हणजे पुढची बारा वर्षं, उपलब्ध नव्हता.

उलट बाजूनेही तेवढीच अडचण होती. फॉर-इन ऑब्जेक्टच्या स्वतःच्या प्रॉपर्टी देतो आणि प्रोटोटाइपच्या साखळीतून वारशाने आलेल्याही देतो. लोकांनी स्वतः प्रोटोटाइपला जोडलेल्या मेथड तेव्हा लपवता येत नसत. ती मुभा फक्त भाषेच्या अंगभूत मेथडना होती. २००५ मध्ये सॅम स्टीफन्सन यांची प्रोटोटाइप ही लायब्ररी आली आणि तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांनी सर्व ऑब्जेक्टांच्या मूळ पूर्वजालाच एक मेथड जोडली. त्याबरोबर त्या पानावरच्या प्रत्येक फॉर-इनमध्ये एक आगंतुक नाव डोकवू लागलं, मग तो लूप कुणीही आणि कशासाठीही लिहिलेला असो. लायब्ररीने पुढे ती मेथड काढून घेतली, पण यादीच्या प्रोटोटाइपवरच्या तिच्या भरपूर मेथड राहिल्याच. उपाय म्हणून प्रमाणाच्या डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीतली 'हॅज ओन प्रॉपर्टी' ही मेथड पुढे आली: नाव स्वतःचं आहे की वारशाचं, हे ती सांगते. डग्लस क्रॉकफर्ड यांचं जेएसलिंट हे तपासनीस साधन तर फॉर-इनच्या आत ही चाळण नसेल तर तक्रारच करायचं. एका अख्ख्या पिढीने ती चाळण मंत्रासारखी प्रत्येक लूपमध्ये लिहिली. त्यातही इंटरनेट एक्सप्लोररमध्ये आठव्या आवृत्तीपर्यंत एक जुना दोष होता: तुम्ही स्वतःच्या ऑब्जेक्टवर 'टू स्ट्रिंग' नावाची प्रॉपर्टी ठेवली, तर केवळ पूर्वजाकडे त्याच नावाची लपलेली प्रॉपर्टी आहे म्हणून तुमचीही लपून जाई. मोठ्या लायब्रऱ्यांना अशा नावांची यादी हाताने लिहून ती वेगळी तपासावी लागली.

इथे एक आक्षेप रास्त आहे. दोष वारशाच्या साखळीचा आहे; फॉर-इनने पहिल्यापासून फक्त स्वतःच्या प्रॉपर्टी दिल्या असत्या तर हे काहीच झालं नसतं, मग दोन दारांचा सिद्धांत कशाला? पण तसं करून बघू. समजा लूप फक्त स्वतःच्या प्रॉपर्टी देतो. आता समोर पानावरचा एक घटक आहे आणि त्याच्यावर कोणत्या क्रिया करता येतील हे प्रोग्रामरला बघायचंय. आजच्या ब्राउझरमध्ये त्यातल्या जवळजवळ सगळ्या क्रिया वारशानेच आलेल्या असतात. स्वतःचं म्हणावं असं त्या घटकाकडे बहुधा काहीच नसतं. म्हणजे प्रोग्रामसाठी केलेली ही दुरुस्ती माणसाला आंधळं करते. मॅथच्या बाबतीत नेमकं तेच घडलं होतं. वारसा वगळा किंवा ठेवा, लपवा किंवा दाखवा, एकाच लूपकडून एकच उत्तर घ्यायचं असेल तर दोघांपैकी एकाला ते चुकीचंच मिळणार. घाईत झालेली चूक असती तर सवडीने सुधारता आली असती. ही मागणीच परस्परविरोधी होती.

माणसासाठीचं दार आधी वेगळं झालं, आणि ते भाषेच्या बाहेर झालं. मोझिलाकडे २००१ पासून व्हेंकमन नावाचा डीबगर होता, पण सामान्य वेब डिझायनर त्याच्या वाटेला जात नसे. जानेवारी २००६ मध्ये जो ह्यूइट यांनी फायरफॉक्ससाठी फायरबग काढलं आणि चित्र पालटलं. पानाच्या खाली एक पट्टी उघडायची, कन्सोल डॉट लॉगला ऑब्जेक्ट द्यायचा, आणि तो ऑब्जेक्ट त्या पट्टीत जिवंत उमटायचा. त्यावर क्लिक करत पोटातल्या पोटात हवं तेवढं खोल जाता यायचं. त्याच महिन्यात ॲपलच्या वेबकिट गटानेही आपला वेब इन्स्पेक्टर जाहीर केला, आणि २००८ मध्ये क्रोम आला तो त्याच इन्स्पेक्टरचं रूप घेऊन. पार्कमधली ती खिडकी तीसेक वर्षांनी सामान्य माणसाच्या ब्राउझरमध्ये उघडली, असं म्हणायला हरकत नाही. महत्त्वाची गोष्ट ही की ही साधनं पानाच्या प्रोग्रामपासून वेगळी, माणसासाठी होती. ती ब्राउझरच्या बाजूने काम करत, त्यामुळे भाषेने जे लपवलं तेही पुढे त्यांना दाखवता येणार होतं. फायरबग २०१७ मध्ये थांबलं, पण त्याच्या कन्सोलची पद्धत सर्व ब्राउझरांनी उचलली. मधल्या काळात एक्सप्लोररच्या आठव्या आणि नवव्या आवृत्तीत साधनांची पट्टी उघडलेली नसेल तर कन्सोल हे नावच अस्तित्वात नसे, आणि चुकून राहिलेली एक कन्सोल डॉट लॉगची ओळ ग्राहकाच्या मशीनवर अख्खी स्क्रिप्ट पाडत असे. ज्याच्या मशीनवर पट्टी उघडी त्याला सगळं सुरळीत दिसे, म्हणून हा दोष शोधणाऱ्याच्याच नजरेतून निसटायचा.

भाषेच्या आतलं दार वेगळं व्हायला डिसेंबर २००९ उजाडावा लागला. प्रमाणाच्या चौथ्या आवृत्तीचा फार मोठा बेत २००८ मध्ये मोडीत निघाला होता आणि लहान, सावध अशी पाचवी आवृत्ती पुढे आली. तिचे संपादक होते मायक्रोसॉफ्टचे प्रताप लक्ष्मण आणि ॲलन वर्फ्स-ब्रॉक. वर्फ्स-ब्रॉक यांचं आधीचं आयुष्य स्मॉलटॉकमध्ये गेलेलं होतं, आणि पाचव्या आवृत्तीतली तपासणीची नवी फंक्शनं पाहताना ती पार्श्वभूमी विसरता येत नाही. ऑब्जेक्ट डॉट कीज स्वतःची, मोजणीत येणारी नावं देतं. गेट ओन प्रॉपर्टी नेम्स लपलेलीसुद्धा देतं. मॅथची पेटी अखेर याने उघडली. गेट ओन प्रॉपर्टी डिस्क्रिप्टर एकेका प्रॉपर्टीची कुंडली मांडतं: किंमत काय, बदलता येते का, मोजणीत येते का, तिचे हे गुण पुढे बदलता येतील का. आणि डिफाइन प्रॉपर्टीने ते गुण ठरवण्याचा हक्क पहिल्यांदाच सामान्य प्रोग्रामरला मिळाला. ही सगळी फंक्शनं प्रत्येक ऑब्जेक्टच्या अंगावर मेथड म्हणून लावली नाहीत. ती बाहेर, ऑब्जेक्ट या एकाच ठिकाणी ठेवली गेली. त्यामागे विचार होता. अंगावरच्या मेथडला कुणीही झाकू शकतं. 'हॅज ओन प्रॉपर्टी' याच नावाची प्रॉपर्टी असलेला डेटा बाहेरून आला तर तपासणीच कोसळते. शिवाय ऑब्जेक्ट वापरणं आणि ऑब्जेक्टची तपासणी करणं हे दोन थर वेगळे राहावेत, आणि अविश्वासू कोड चालवताना तपासणीची ताकद त्याच्या हातून काढून घेता यावी, हेही हवं होतं. सेल्फच्या मिररमागचं तत्त्व अंगार यांनी गिलाड ब्राचा यांच्यासह २००४ मध्ये निबंधरूपात मांडलं होतं. जावास्क्रिप्टने आरसा म्हणून वेगळी वस्तू घेतली नाही, पण डोकावणाऱ्याने ऑब्जेक्टच्या बाहेर उभं राहावं हे मान्य केलं.

यावर जुने जाणते म्हणतात की एका लूपचं काम आता अर्धा डझन फंक्शनांत विखुरलं, शिकणाऱ्याने कोणतं वापरायचं? २०१५ मध्ये प्रॉपर्टीला अक्षरी नावाऐवजी वापरता येणारे सिम्बॉल आल्यावर तर त्यांच्यासाठी आणखी वेगळं फंक्शन आलं. हा ताप खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण जुना लूप कायम ठेवल्याची किंमत किती लांबवर मोजावी लागली याचं एक उदाहरण जरा सविस्तर पाहण्याजोगं आहे. मूटूल्स ही २००६ ची लायब्ररी यादीच्या प्रोटोटाइपवर फ्लॅटन नावाची मेथड बसवायची, आणि नंतर फॉर-इन चालवून अशा जोडलेल्या मेथड पानावरच्या घटकांच्या आपल्या संग्रहावर उतरवून घ्यायची. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग भाषेच्या समितीने नेस्टेड याद्या सपाट करणारी फ्लॅटन ही अंगभूत मेथड आणायचं ठरवलं, आणि मार्च २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत ती येताच मूटूल्स वापरणारी एक साइट मोडल्याचं आढळलं. मूटूल्स तर आपली मेथड अंगभूत मेथडच्या जागी बसवत होती, मग मोडलं काय? नुसती नवी किंमत ठेवली तर प्रॉपर्टीचे जुने गुण बदलत नाहीत. अंगभूत फ्लॅटन मोजणीत न येणारी होती, म्हणून तिच्या जागी आलेली मूटूल्सची फ्लॅटनही मोजणीत येईना. फॉर-इनला ती दिसली नाही, संग्रहावर उतरली नाही, आणि तिच्यावर विसंबलेला कोड पडला. भाषा पुढे नेणाऱ्यांना अखेर नावच बदलून फ्लॅट असं करावं लागलं. यादीत एखादी किंमत आहे का हे सांगणाऱ्या कंटेन्सचं इन्क्लूड्स झालं तेही याच लायब्ररीमुळे. दिसणं किंवा न दिसणं हा प्रोग्रामच्या वागण्याचा भाग होऊन बसला की कुणाला काय दिसतं हे बदलणंही धोक्याचं होतं, एवढं यातून निश्चित कळतं.

नावं कोणत्या क्रमाने दिसावीत याचा वाद याच जातीचा आहे. पहिल्या प्रमाणाने क्रम ब्राउझरवर सोडला होता. प्रत्यक्षात सगळे ज्या क्रमाने प्रॉपर्टी ठेवली त्याच क्रमाने देत आणि लोक त्यावर विसंबले. क्रोमने अंकांसारखी नावं चढत्या क्रमाने आधी द्यायला सुरुवात केली, तेव्हा क्रमांकांना नावं जोडून केलेल्या, अक्षरानुक्रमे लावलेल्या निवडयाद्या विस्कटल्या आणि तक्रारींचा पाऊस पडला. क्रोमने माघार घेतली नाही, इतरांनी तीच रीत स्वीकारली, आणि फॉर-इनच्या क्रमाबद्दलचे बरेचसे नियम प्रमाणात लिहिले गेले ते २०२० मध्ये. लूप चालू असताना ऑब्जेक्टमध्ये बदल केला तर काय व्हावं, ही जागा अजूनही मोकळी आहे.

प्रोग्रामचं डोकावणं किती दूर जाऊ शकतं हे २०१० मध्ये पीटर एकर्सली यांनी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनसाठी केलेल्या प्रयोगाने दाखवलं. त्यांनी ४,७०,१६१ ब्राउझरांच्या नोंदी तपासल्या. प्लगइनांची यादी, फाँटांची यादी, पडद्याचा आकार अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टी एकत्र केल्या तर त्यातले ८३.६ टक्के ब्राउझर वेगळे ओळखू येत होते. नॅव्हिगेटर या ऑब्जेक्टमध्ये प्लगइनांची यादी होती ती पानाला ब्राउझरची क्षमता कळावी म्हणून. तीच यादी माग काढणाऱ्यांची खूण झाली. फायरफॉक्सने २०१४ मध्ये ती यादी सरसकट वाचता येणं बंद केलं. यावर कुणी म्हणेल की वेब वाढला तो उघडेपणामुळे, दुसऱ्याच्या पानाचा सोर्स पाहून लाखो लोक शिकले, आणि ही सगळी कुलपं त्या संस्कृतीच्या मुळावर येतात. त्या संस्कृतीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच दोन दारांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. २०२२ च्या आवृत्तीत हॅश लावून लिहायच्या खाजगी प्रॉपर्टी आल्या. त्या फॉर-इनला दिसत नाहीत, गेट ओन प्रॉपर्टी नेम्सला दिसत नाहीत, बाहेरच्या कोडला त्यांचा पत्ता लागत नाही. पण क्रोमच्या कन्सोलमध्ये तोच ऑब्जेक्ट उघडा, तर हॅशसकट त्या किमतीसकट समोर दिसतात. शिकणाऱ्याचं काहीही हिरावलं गेलेलं नाही. कुलूप फक्त प्रोग्रामच्या दाराला आहे.

दोन दारांमधली भिंत मात्र अजून पुरती पक्की नाही. कन्सोलमध्ये लॉग केलेला ऑब्जेक्ट ही प्रत नसते, तो मूळ ऑब्जेक्टच असतो. बाणावर क्लिक करून तो उघडेपर्यंत प्रोग्रामने त्याच्यात बदल केलेला असेल, तर दिसते ती बदललेली किंमत. क्रोम शेजारी एक छोटं चिन्ह ठेवून ही किंमत उघडतेवेळची आहे असं बजावतो, पण नवशिक्यांचे तास यात अजूनही वाया जातात. गेटरची गोष्ट याहून नाजूक आहे. गेटर म्हणजे वाचायला गेलं की फंक्शन चालवणारी प्रॉपर्टी; ती नुसती पाहायला गेलं तरी प्रोग्राममध्ये काहीतरी घडू शकतं. म्हणून कन्सोल तिच्या जागी कंसात तीन टिंबं दाखवतो आणि तुम्ही क्लिक केल्याशिवाय ती वाचत नाही. तरी काही ठिकाणी कन्सोल स्वतःहून किंमत वाचायचा. काही साइटींनी ते हेरलं: गेटर लावलेला ऑब्जेक्ट लॉग करायचा आणि तो वाचला गेला की समजायचं, समोरच्याने साधनांची पट्टी उघडली आहे; मग पान बंद करायचं किंवा त्याला दुसरीकडे पाठवायचं. ब्राउझरवाल्यांनी अशा फटी सापडतील तशा बुजवल्या, आणि तपासणाऱ्याला ओळखू पाहणारा कोड लिहिणारे पुढची फट शोधत आहेत.